सेन्सर नसलेल्या चाकाची हवा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कोकणात, आमच्या दोडामार्गाकडे घरोघरी भुताच्या गोष्टी सांगतात, पण मी लहानपणीही मध्येच उठून जेवायला जायचो. शिक्षण आठवीपर्यंतच, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या. पण तुमच्यात कुणी जाणकार असेल म्हणून विचारतोय...

पाच वर्षं झाली, मी तेलगावात टायरच्या दुकानात कामाला आहे. मालकांना सगळे नाना म्हणतात. आलो तेव्हा इथं माझं कुणी नव्हतं. नानांनी दुकानामागची खोली दिली, दोन वेळचा डबा अजून त्यांच्याच घरून येतो. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात मला भीती भुताची नव्हती, नानांच्या मनातून उतरण्याची होती.

एक मॅडम आहेत, आईला दर आठवड्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेतात. त्यांच्या गाडीत प्रत्येक टायरची हवा समोर स्क्रीनवर दिसते. चाकात वॉल्व्हच्या बुडाशी छोटा सेन्सर असतो, तो आकडा पाठवतो. मागचं डावं चाक, म्हणजे आमच्या भाषेत क्लीनर साइड, त्याचा सेन्सर गेला होता. नवा मीच बसवला.

आठ दिवसांनी मॅडम परत. म्हणाल्या, धारूरच्या घाटात एका वळणावर त्याच चाकाची हवा तेहतीसवरून एकदम बारा दाखवते, आणि वळण संपलं की पुन्हा तेहतीस. मी हवा मोजायचं गेज लावलं — तेहतीस. चाक पाण्यात बुडवलं, एक बुडबुडा नाही. मग मागचा सेन्सर पुढे टाकला, पुढचा मागे, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला जोडतात त्या स्कॅनरने गाडीला नव्या जागा शिकवल्या. सेन्सर खराब असेल तर बिघाड त्याच्यासोबत पुढच्या चाकावर जायला हवा. गेला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा मागचं डावंच.

तिसऱ्यांदा मॅडम माझ्याशी बोलल्याच नाहीत. नानांना म्हणाल्या, तुमच्या माणसाने जुनाच सेन्सर टाकलाय, नवा बाहेर विकलाय. मला ऐकू येईल अशा आवाजातच म्हणाल्या. गाडी ठेवली आणि गेल्या.

नाना माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

“दिग्या, खरं सांग. बदललास का?”

“नाही नाना.”

“मग कावून व्हतंय आसं?”

आज कारण सापडलं नाही तर उद्याच्या गाडीने गावाकडं जा, एवढं बोलून ते उठले.

खरं सांगू? मलाही संशय होता, मॅडमवर. आईच्या काळजीत भास होत असेल. नाहीतर कुणीतरी मुद्दाम शिकवून पाठवलं असेल. शेजारच्या गॅरेजवाल्याचाही मला संशय होता. शेवटी म्हटलं, ते चाकच काढू. स्टेपनीत सेन्सर नसतो. ती मागे डावीकडे लावली, काढलेलं चाक डिकीत टाकलं. नाना स्वतः शेजारी बसले. अजून माझ्यावर भरवसा नव्हता ना.

घाटाकडं निघालो, थोडं पुढे गेलो आणि मी ब्रेक दाबला. स्क्रीनवर मागचं डावं — तेहतीस.

“नाना, त्या चाकात सेन्सरच नाही...”

नानांनी मागे वळून पाहिलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. “कोकण्या, सेन्सर डिकीत ठिवलास आन् भूत हुडकतूस व्हय बे?”

एवढी साधी चूक! डिकीतूनही सेन्सर आकडा पाठवतोच की. दुकानात परतलो, चाक आत ठेवलं, शटर लावलं, किल्ली नानांच्या खिशात. पुन्हा निघालो. दहाएक मिनिटांनी आकडा गेला, नुसत्या दोन रेघा आल्या. व्हायला पाहिजे तसंच.

सकाळचे अकरा असतील. घाटात ऊन लख्ख. पुढे-मागे एकही गाडी नव्हती. दुसऱ्या गाडीचा सिग्नल येतोय का म्हणून मी मुद्दाम बघत होतो. ते वळण आलं. रेघा गेल्या. एकवीस. सतरा. बारा. लाल दिवा.

नाना म्हणाले, “थांबीव.”

गाडी कडेला घेतली. नानांनी माझ्या हातातून गेज घेतलं, खाली वाकून स्वतः लावलं. तेहतीस. दोनदा लावलं. आत स्क्रीनवर मात्र उभ्या गाडीत बाराचे नऊ झाले. नंतर सहा. मला कुणीतरी टायरला तोंड लावून हवा ओढतंय असं वाटलं... माझ्या मनाचा खेळ असेल. पण आकडा नानांनीही पाहिला.

वळण ओलांडलं, पुन्हा रेघा.

दुकानातलं चाक जागच्या जागी होतं, हवा पूर्ण. नानांनी तिथूनच मॅडमला फोन लावला. दिग्याची चूक नाही, सेन्सर नवाच आहे, मी डोळ्यांनी बघितलं, असं सांगितलं. मॅडमनी विचारलं, मग गाडीत बिघडलंय तरी काय?

नानांना या धंद्यात तीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाला उत्तर नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फोनवर हळूच म्हणाले, “बाई, आमाला न्हाई कळलं.”

नंतर मी आम्हाला स्कॅनर विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, गाडी जुना आकडा लक्षात ठेवते. असेल. पण लक्षात ठेवलेला आकडा उभ्या गाडीत कमी कसा होईल? तुमच्यात कुणाला ठाऊक असेल तर सांगा. मी अजून तेलगावातच आहे, ते फक्त त्या दिवशी गाडीत नाना शेजारी बसले होते म्हणून.