ओटीतल्या गोळ्या

दुर्गाआत्या रोज सकाळी मेडिकल कॉलेजच्या संग्रहालयातल्या काचेच्या बरण्या पुसायची आणि त्यांतली एक भिंतीकडे वळवून ठेवायची. त्या बरणीतल्या गर्भाची पाठ कण्यापाशी उघडीच राहिली होती. दुपारपर्यंत विद्यार्थी ती पुन्हा सरळ करून ठेवत.

तिचा मुलगा हेरंब तशाच पाठीने जन्मला आणि अकरा दिवस जगला. दिवस गेले की तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही घरातली रीत पाळून ती चौथ्या महिन्यात डॉक्टरांकडे गेली होती. बाळाची पाठ पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, हे तिला पुढे या नोकरीत कळलं.

म्हणून माझ्या लग्नात तिने ओटीत नारळाबरोबर, बाळाची पाठ नीट मिटावी म्हणून देतात त्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घातल्या.

सासूबाई हसल्या. "अहो, अजून हळदही उतरली नाही हिची!"

"तेव्हाच सुरू करायच्या असतात," आत्या म्हणाली.

पाचव्या महिन्यात माझ्या सोनोग्राफीला ती अकोट्याच्या दवाखान्यात आली. बाकावर बसेचना. पदराचं टोक पिळत येरझारा घालत राहिली. "गोळ्या घेतल्या तरी खात्री नसते गं," असं दर फेरीला म्हणायची.

मी बाहेर येऊन सांगितलं, "पाठ नीट मिटलीय, आत्या."

तिने पदराचं टोक सोडलं. खाली उतरल्यावर शेवउसळीच्या गाडीपाशी थांबली.

"भाई, तरी ओछी नाखजो," तिने गाडीवाल्याला गुजरातीत तिखट तरी कमी घालायला सांगितलं. मग माझ्याकडे वळली. "तुला जळजळतं ना हल्ली?"