धुतलेले जंत

आमचे साडू मेंढ्यांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत होते. तिथली पोरं त्यांना जंतमामा म्हणत. नाव ऐकलं की आमची ही नाक मुरडायची, पण मामांना त्याचा केवढा अभिमान! तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. मेंढ्यांच्या पोटातून जंत वेचले. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. मागच्या खोलीत पांढरा ट्रे, हातात चिमटा, आणि कात्रीने उघडलेल्या जठरात लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यांसारखे जंत वळवळतायत. मी दारापर्यंत मागे सरलो. मामा म्हणाले, "या ना साडूभाऊ, चावत नाहीत. तुमच्यापेक्षा गरीब आहेत."

संस्थेच्या बाई या जंतांच्या जनुकांवर संशोधन करायच्या. माझं शिक्षण गावच्या शाळेतलं, सातवीपर्यंतचं. मला ते मामांनीच समजावलं.

"जंताच्या अंगात हजारो जनुकं असतात. हजर सगळी, पण एका वेळी सगळी काम करत नाहीत. आत्ता कोण राबतंय आणि कोण पाय पसरून बसलंय, ते बाई मोजतात."

"म्हणजे आमचा वर्ग! पटावर चाळीस, गणित सोडवणारे चार."

"आणि मास्तर आत आले की?"

"सगळेच पाटी घासायला लागायचे."

"तेच तर! जंताला गार लागलं, धक्का बसला, की आतली जनुकं लगेच धावपळ करतात. म्हणून पोटातून काढला की मिनिटाच्या आत टिकवणाऱ्या द्रावणाच्या बाटलीत टाकायचा. तिथे सगळं जसंच्या तसं थांबतं."

नियम त्यांना असा पाठ होता. म्हणून तर पुढे जे झालं त्याचं नवल वाटतं.

बाईंच्या हाताखाली एक पोरगी तीन वर्षं पीएच.डी. करत होती. जंतांचं औषध दिलं तरी काही जंत मरत नाहीत, ते कशाच्या जोरावर, हा तिचा प्रश्न. काही मेंढ्यांना औषध दिलं, काहींना नाही. दोन्हींचे जंत मामांनी वेचून दिले. औषधातून वाचलेल्या जंतांमध्ये एक जनुक वीसपट जोराने काम करत होतं! अख्खी संस्था खूश. मामा आमच्याकडे येऊन असं सांगत होते, जणू ते जनुक त्यांनीच पाळून मोठं केलं होतं.

आता पुरावा हवा होता. ते जनुक बंद पाडायचं आणि मग जंतांच्या पिल्लांना औषध द्यायचं. जनुक खरंच त्यांना वाचवत असेल, तर पिल्लं मरायला हवीत. ती मेली नाहीत. पोरीने पाच वेळा करून पाहिलं, आठ महिने घालवले, पण पिल्लं टुणटुणीत.

एका दुपारी ती मामांच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली. "मामा, मी महिनाअखेर सोडून चाललेय."

"अगं, अशी कशी चाललीस?"

"मग काय करू? जनुक खरं आहे, मीच खोटी आहे. माझ्या हातालाच यश नाही."

मामा तेव्हा नळाखाली ट्रे धूत होते. त्यांचा हात थांबला.

औषध न दिलेल्या मेंढीत शेकड्यांनी जंत निघायचे. ते मामा भराभर बाटलीत टाकायचे. औषध दिलेल्या मेंढीत मात्र जेमतेम दहा-पंधरा. ते मोलाचे म्हणून मामा त्यांचे लाड करायचे. गार नळाखाली धरून चाऱ्याचा चोथा काढायचे, पुन्हा खळबळायचे, मोजायचे, मग बाटली. पाच-सात मिनिटं सहज जायची. फार पूर्वी बाईंनी एकदा बाटलीतला चोथा पाहून तोंड वाकडं केलं होतं, तेव्हापासूनची ही सवय.

मामा थेट आमच्या घरी आले. चहाला शिवले नाहीत. "साडूभाऊ, त्या जनुकाचा औषधाशी काही संबंधच नाही. ते माझ्या गार पाण्याने दचकलंय."

आणि मी काय म्हणालो? "दोन महिन्यांवर निवृत्ती आलीय, मूग गिळून बसा. जंत काय साक्ष द्यायला येणार आहेत?" म्हणालो आणि वर हसलो. ते हसले नाहीत. पण माझं वय मोठं, त्यांनी ऐकलं. बारा दिवस ऐकलं. त्या बारा दिवसांत पोरीने सहाव्यांदा प्रयोग केला आणि मायक्रोस्कोपपाशीच डोकं टेकून रडली.

तेराव्या दिवशी मामा बाईंपुढे उभे राहिले. बाईंनी वही ओढली. "किती वेळ धुवायचात? प्रत्येक वेळी? दुसऱ्या मेंढ्यांचे कधीच नाही?" सगळं लिहून घेतलं, मग पेन खाली ठेवलं. "मामा, हे तीन वर्षांनी सांगताय?"

"मला काय बोलायचं ते बोला बाई. पण पोरीच्या हाताला दोष नाही, एवढं तिला आजच सांगा."

"नुसतं सांगून चालणार नाही. दाखवावं लागेल."

मग औषध न दिलेली एकच मेंढी घेतली. अर्धे जंत सरळ बाटलीत, अर्धे मामांनी पूर्वीसारखे धुवायचे. स्वतःचा गुन्हा सिद्ध करायला स्वतःच्याच हाताने राबायचं! मामा मला म्हणाले, "एक जंत धुताना वाटायचं, हे खोटं ठरू दे. दुसरा धुताना वाटायचं, खरं ठरू दे, नाहीतर पोरगी पुन्हा दोषी."

खरं ठरलं. धुतलेल्या जंतांत ते जनुक तसंच उसळलं. पोरगी धावत मागच्या खोलीत आली, "मामा, मी नव्हते! मी नव्हते!" आणि मामांचा चेहरा पाहून मध्येच थांबली.

ती गेली नाही. सगळं पहिल्यापासून मांडलं. मामा निवृत्तीनंतरही वर्षभर तिच्यासाठी जंत वेचायला जात होते, चोथ्यासकट, सरळ बाटलीत.

मध्यंतरी ते तिला आमच्याकडे घेऊन आले. मला आजोबा म्हणाली. माझ्या गोष्टींवर पोट धरून हसली. "अजून एक सांगा ना!" त्या बारा दिवसांची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांनी तिला माझं नाव कधीच सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मी तिला आमच्या मास्तरांच्या हरवलेल्या चष्म्याची गोष्ट सांगितली.