समीरची बिअर आणि माझ्या अठरा बाटल्या

मंडळी, आज नुसता जळफळाट झालाय.

लॉकडाऊनमध्ये घरी बिअर करायला शेजारच्या समीरला मीच शिकवलं. मी पडलो इंजिनिअर! रोज झाकण उघडून तापमान मोजलं, एक्सेलमध्ये भरलं. त्या उघडझापीत माझी बिअर आंबली. समीर मात्र बादली जिन्याखाली ठेवून चक्क विसरून गेला.

आज दुपारी त्याने कुंपणावर दोन ग्लास ठेवले आणि दीड मीटर मागे सरकला. माझ्या बिअरला "झाडांना घाल" म्हणणाऱ्या बायकोने त्याच्याकडे आणखी एक ग्लास मागितला!

"सगळं तुझ्यामुळेच रे," समीर म्हणाला. "तुझी कधी पाजतोस?"

"संपली. ठेवलीच नाही कुणी."

आता सांगा, अठरा आंबट बाटल्या टाकू कुठे? काचेच्या बाटल्या टाकायचा गल्लीतला कंटेनर नेमका समीरच्या खिडकीसमोर आहे.