नेव्हाबाईंची जड गोळी

ऑक्टोबर लागला की माझ्या दुकानात सगळं गाव शूर होतं. जो तो येतो, ट्रकमधून एल्क उतरवतो आणि कॉफीचा कप हातात घेऊन सांगायला लागतो, चारशे पावलांवरून एका गोळीत कसा लोळवला. मी हूं हूं करत सुरीला धार लावतो. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ, एका जनावरात एका घराचा हिवाळा निघतो. ते सोलून टांगलं की गोळी कुठून शिरली, कुठे फुटली, किती मांस नासलं, सगळं समोर येतं. हॅरो क्रीकमध्ये मी उभा जन्म लोकांच्या शिकारी कापतोय, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते मला बरोबर ठाऊक असतं.

या सगळ्यांत एकच बाई अशी, की मांस नंतर, आधी गोळी दाखव म्हणायची. नेव्हा लिंडग्रेन. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी निम्म्या गावाला जेवू घातलं, मला धरून. नवरा ऑर्विल गेल्यावर लोकांना वाटलं, बाई त्याची तीनशे मापाची मॅग्नम रायफल विकून टाकतील. बाईंनी त्याचे सूट विकले, होडी विकली, रायफल ठेवली. मॅग्नम म्हणजे लांबलचक काडतुसाची, पोटभर दारू खाणारी रायफल; धक्का असा देते की जवान माणूससुद्धा दुसरी गोळी झाडायच्या आधी खांदा चोळतो. बाई तेव्हाच पासष्टीच्या पुढे होत्या आणि अंगाने काडी. पण दरवर्षी पहिला बर्फ पडला की एकट्या डोंगरावर जायच्या आणि माझ्या दारात एल्क आणून टाकायच्या.

दुकानातलं तयार काडतूस बाईंनी कधी विकत घेतलं नाही. घरात कपडे धुवायच्या यंत्राशेजारी ऑर्विलचं जुनं टेबल होतं, त्यावर हाताने दाबायचं यंत्र आणि बारका काटा. वापरलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. शाळेतल्या रस्स्यात मीठ मुठीने टाकणारी ही बाई दारू मात्र कण कण तोलायची. तिथे बसलेली असताना कुणी बोललेलं चालायचं नाही. पाद्री आले तरी त्यांना बाहेर पायरीवर थांबावं लागे.

मग ते वाईट वर्ष आलं. आमच्याकडे नेमबाजीच्या मैदानावर मर्ल नावाचा एक गृहस्थ असतो. शिकारीला वर्षातून एकदा जाणार, पण सल्ला बारमाही. त्याने बाईंच्या डोक्यात भरवलं की जमाना हलक्या, वेगवान गोळ्यांचा आहे. बाईंनी तशा भरून पाहिल्या. कागदावर भोकं एकाला एक चिकटून पडली, तेव्हा बाईही भुलल्या. डोंगरावर तीच गोळी एल्कच्या फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या खांद्याच्या, हाडावर बसली आणि तिथेच फुटून तिचा भुगा झाला. जनावर लंगडत निघून गेलं. बाई आणि त्यांचा मुलगा कर्टिस अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर हिंडले. दुसऱ्या दिवशी सापडलं तेव्हा कोल्ह्यांनी फारसं काही ठेवलं नव्हतं.

बाई ते फऱ्याचं हाड पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. मी हाड फोडून आतले कण काढून दाखवले. त्या तिथल्या स्टुलावर बसल्या.

"हाल करून मारलं मी त्याला, डेल," त्या म्हणाल्या. "रात्रभर चालत होतं ते."

त्यांना रडताना मी एवढं एकदाच पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. मर्लचा रागही आला, तो अजून गेलेला नाही.

कर्टिस वाईट मुलगा नाही हे आधी सांगतो. ट्रॅक्टर विकतो, आईच्या छपरावरचा बर्फ न सांगता काढून जातो. पण त्या दिवसापासून त्याने धोशा लावला की रायफल मला दे. वसंतात बाईंच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, मग तर त्याला आयतंच कोलीत मिळालं. एक तर हलकी रायफल घे, नाहीतर घरी बस, मांस मी आणून देईन, असं तो चारचौघांत म्हणायला लागला. आणून दिलेलं मांस ही गोष्ट बाईंच्या पुढे काढणं म्हणजे स्वतःच्या हाताने मधमाश्यांचं पोळं हलवणं.

त्या उन्हाळ्यात बाई दुपारच्या वेळी माझ्याकडे येऊन बसायला लागल्या. जनावरातून निघालेली गोळी मी कधी फेकत नाही, कपात टाकून मालकाचं नाव लिहून ठेवतो. गावात ती रीतच आहे. काही लोक घेऊन जातात, बाकीचे विसरतात, आणि असे विसरलेले कप माझ्या फळीवर दाटीवाटीने उभे असतात. बाईंनी ते सगळे खाली उतरवले. मांस गुंडाळायचा कागद अंथरून त्यावर एकेक कप ओतला. हलक्या गोळ्यांच्या कपांत नुसता चुरा, शिशाचे खडे आणि तांब्याची सालपटं. जाड तांब्याच्या कवचाच्या, जड गोळ्या मात्र पुढून अळंबीसारख्या उमललेल्या आणि मागून अखंड. ही कुठे सापडली, ती किती आत गेली होती, हाड लागलं होतं का, असं विचारून विचारून त्यांनी माझं डोकं खाल्लं. शेवटी त्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यात जड गोळी उचलून त्या म्हणाल्या की ही घाईत नाही, पण पोचते.

ती गोळी त्यांनी ठरवली, आणि दारू कमी केली. पुस्तकात दिलेल्या हद्दीतच, पण खालच्या बाजूची, खांद्याला सोसेल एवढी. किती ते मी सांगणार नाही, प्रत्येक रायफलीचं पोट वेगळं असतं. मैदानावर हे कळल्यावर हशा पिकला. मर्ल म्हणाला, मॅग्नम बाळगायची आणि तिला अर्धपोटी ठेवायची, यापेक्षा साधी रायफल का घेत नाही, बाई?

"माझं पातेलं मोठं आहे म्हणून मी रोज काठोकाठ शिजवू का, मर्ल?" बाई म्हणाल्या. "तुझ्या गोळ्या फार पळतात हे कबूल. पोचल्यावर काय करतात ते मी पाहिलंय. आता बाजूला हो, तू माझ्या उजेडात उभा आहेस."

सप्टेंबरात माझ्याच गल्ल्यासमोर मायलेकांचा सौदा ठरला. बाई कर्टिसला बरोबर नेणार. त्यांच्या गोळीने एल्क धड मेला, तर कर्टिस रायफलीचं नाव काढणार नाही. नाही मेला, तर रायफल त्याची आणि बाईंचा डोंगर बंद. साक्षीदार मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं मी दोघांच्याही तोंडून ऐकलं, आणि एल्क पडला एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. झाडीच्या कडेला नर उभा होता, किंचित पाठमोरा. बाईंनी झाडली. नर वळला, पडला नाही. कर्टिसला मागच्या वर्षीची रात्र आठवली असणार, त्याने मागून आपली झाडली. मग नर बसला आणि आडवा झाला. कर्टिस म्हणाला, तुझी मागे लागली आई, माझ्या गोळीने पडला. कर्टिसने बर्फात बसून नराचं पोट फाडून साफ केलं, तेव्हा काळीज आणि फुप्फुसं बाईंनी पोत्यात भरून घ्यायला लावली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, डेलकडे चल, एवढंच त्या म्हणाल्या.

दुकानात आणखी दोघेतिघे होते, आणि मर्ल तर असणारच. मी कातडं काढायला सुरुवात केली. बाई स्टुलावर पाठ ताठ करून बसल्या होत्या, रायफल मांडीवर आडवी. कर्टिस भिंतीला टेकून उभा. मला घाम फुटला होता, कारण जे निघेल ते मला बोलावं लागणार होतं.

आधी फरा. कर्टिसची गोळी तिथे बसली होती, दुकानातून आणलेली, मर्लच्या पसंतीची. फऱ्याचं सगळं मांस काळंनिळं, हाडाच्या ढलप्या, शिशाचा चुरा. बरगड्यांच्या आत मात्र काहीच गेलं नव्हतं. मग बाईंची. ती शेवटच्या बरगड्यांपाशी शिरली होती. पोत्यातलं काळीज काढलं, त्यातून आरपार भोक. फुप्फुसं काढली, दोन्हींतून आरपार. मी पलीकडच्या फऱ्यापाशी कातड्याखाली बोटं घातली आणि ती लागली. अख्खी, जड, पुढून उमललेली. धुऊन मी ती टेबलावर ठेवली.

"कर्टिस, तुझी गोळी नसती तरी हा तिथेच पडला असता," मी म्हणालो. "आणि एवढा फरा वाचला असता."

मर्लला अचानक घरी काम आठवलं. कर्टिसने टोपी काढली, केसांतून हात फिरवला आणि सरळ म्हणाला की आई, जिंकलीस तू, पाठमोऱ्या जनावराला तिथेच मारायला हवं होतं. मी म्हटलं ना, पोरगा वाईट नाही.

बाईंनी गोळी उचलून उजेडात धरली. मग टेबलाशी आल्या आणि कातडं पुन्हा धडावर जागच्या जागी ओढायला लावलं. त्यांनी आपल्या भोकावर करंगळी टेकली, वीत ताणली, आणि अंगठा जिथे पोचला तिथे खांद्यामागे थांबल्या.

"मी नेम इथे धरला होता," त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं नसतं तर नेम चुकलाय हे कुणाला कळण्याचं कारणच नव्हतं. मी इतकी जनावरं उघडली, मलाही तो नेम मुद्दाम तिथे धरलेला वाटला होता. एक वीत म्हणजे थोडीथोडकी चूक नव्हे. हलकी गोळी असती तर पोटातच विरली असती, आणि पुन्हा तीच रात्र. हे बाईंना आणि मला एकदम कळलं.

कर्टिसने हळूच विचारलं, "मग आई, आता?"

"आता काय? सौदा मी जिंकले, रायफल माझी. पण गोळीने मला सांभाळून घेतलंय, आणि ते दरवर्षी मागायला मी भिकारी नाही. यापुढे शंभर पावलांच्या आत आला तरच झाडीन. ही गोळी तू ठेव. जेव्हा मला शंभर पावलांतही जमणार नाही तेव्हा मी स्वतः रायफल तुझ्या दारात आणून देईन. तोवर तू मागायची नाहीस. आणि माझ्या मागून झाडायचं तर मुळीच नाही."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते हेच. शंभर पावलांच्या आत एल्क येणं म्हणजे काय हे बंदूक न धरलेल्याला सांगून कळायचं नाही. त्याचं नाक आणि कान आपल्यापेक्षा शहाणे असतात. मर्लने गावभर केलं की म्हातारीने मान राखून शिकार सोडली.

पुढच्या मोसमात बाई एकट्याच गेल्या, रोज गेल्या. आमच्याकडे मोसम आटोपत आला, माझं शीतकपाट गच्च भरलं, शिकार टांगायचा बाईंचा आकडा रिकामाच. एका सकाळी मर्ल दुकानात बातमी घेऊन आला. कर्टिस तेव्हा आपले सॉसेज न्यायला आला होता, त्याच्या देखतच तो सांगायला लागला. समोरच्या डोंगराच्या धारेवरून मर्लने दुर्बिणीतून पाहिलं होतं. उघड्यावर मोठा नर, पुरा आडवा, दोनशे पावलं असेल नसेल. बाई ओंडक्यावर रायफल टेकवून, गाल दस्त्याला लावून. नर चरत होता, इकडे तिकडे बघत होता, आणि बाई नुसत्या पडून. शेवटी तो आरामात निघून गेला. हात गोठले असतील नाहीतर डोळे गेले असतील, असा मर्लने निष्कर्षही काढून दिला.

कर्टिसचा हात खिशात गेला होता. काय चाचपतोय ते मला माहीत होतं, वर्षभर ती गोळी त्याच्या किल्ल्यांबरोबर वाजत असायची.

तेवढ्यात दार उघडून बाई आत आल्या. बुटांना बर्फ, नाक लाल. मर्लकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खिशातून काडतुसं काढून गल्ल्यावर एकेक उभी केली, पाचच्या पाच. एकाच्याही बुडाच्या टोपीवर साधा ओरखडा नव्हता.

"आई," कर्टिस म्हणाला, "मर्ल म्हणतो नर अगदी उघड्यावर होता."

"होता. फार देखणा होता." त्यांनी शेवटचं काडतूस रांगेत सरळ केलं. "ऑर्विलने लोळवला असता. तूही. माझा नव्हता तो."

कर्टिसने गोळी बाहेर काढली, तळहातावर घेऊन पाहिली. मला वाटलं, आता हा रायफल मागणार, आणि त्याने मागितली असती तर मी त्याला आकड्याला टांगला असता. त्याने ती पुन्हा खिशात टाकली आणि आपल्या सॉसेजची अर्धी थैली आईकडे सरकवली.

बाईंनी ती एका बोटाने परत सरकवली.

"घरी येऊन शिजवणार असशील तर आण," त्या म्हणाल्या. "डेल, डुकराचा खांदा दे. विकतचं मांस घेतेय मी, मर्ल, नीट बघून घे आणि गावात सांग. चरबी असलेला दे, डेल, आणि हाड काढू नकोस."

मी आतून सगळ्यात चांगला खांदा आणला. बाईंनी काडतुसं मोजून परत खिशात घातली, पुढच्या वर्षाला.