तिसरी वायर

ज्या वस्तूचं तापमान आमच्या साडूंनी घेतलेलं नाही, अशी वस्तू ठाणे जिल्ह्यात तरी शिल्लक नसावी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मानपाड्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलरचे मीटर तपासायचे, आणि सुट्टीच्या दिवशी बॉयलर हाताशी नसल्यामुळे नातेवाईक तपासायचे. चहा पुढे केला की कपाला बाहेरून बोट लावून "अडुसष्ट" म्हणायचे आणि मगच घोट घ्यायचे. माझ्या सासऱ्यांना एकदा ताप भरला, तेव्हा हे डॉक्टरांच्या आधी हजर. पण ताप बघण्यापूर्वी थर्मामीटर खरं बोलतो की नाही हे बघायला नको? म्हणून तो आधी साडूंच्या स्वतःच्या काखेत, मग माझ्या, मग विचारपूस करायला आलेल्या शेजाऱ्यांच्या काखेत गेला. थर्मामीटर निर्दोष ठरेपर्यंत सासऱ्यांचा ताप उतरला होता, आणि त्याचं श्रेयसुद्धा साडूंनीच घेतलं. "डोळ्यांवर काय विश्वास ठेवायचा? मोजलेलं तेच खरं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं.

अशा माणसाच्या घरात नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर आला. आणला होता ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, लग्नपत्रिका टाईप करण्यासाठी. डोंबिवलीतल्या एका छापखान्याचं काम त्या घरबसल्या करायच्या. ताई बोलायला कमी. दुखलं तरी बोलायच्या नाहीत, आवडलं तरी बोलायच्या नाहीत. त्या घरात बोलण्याचं खातं साडूंकडे होतं. कॉम्प्युटर आल्याच्या आठवड्यातच साडूंना शोध लागला की आतल्या मदरबोर्डावर नखाएवढी एक चिप आहे, आणि ती आतली उष्णता, विजेचा दाब आणि पंख्याचा वेग मोजत बसलेली आहे. पृथ्वीवर आपल्यासारखं आणखी कोणी आहे, हे कळल्यावर माणसाचं जे होतं ते साडूंचं झालं. पंचाईत एवढीच की चिप मोजत होती, पण ते कोणाला सांगत नव्हती. ऑपरेटिंग सिस्टिमला तिच्याशी बोलता यावं म्हणून लागतो तो ड्रायव्हर, म्हणजे मधला दुभाष्या, त्या स्वस्तातल्या बोर्डाबरोबर कोणी दिलाच नव्हता. "मग मी लिहितो," साडू म्हणाले. पत्रिकेवर पत्ता कसा लिहावा यावरून नातेवाइकांशी वाद घालणारा माणूस आता चिपशी बोलणार होता.

आणि लिहिला की हो! सायबर कॅफेत जाऊन परदेशातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्या विद्वानांना पत्रं पाठवून, कारखान्यातून आल्यावर जेवणाचं ताट मांडीवर घेऊन त्यांनी तो ड्रायव्हर लिहिला. मी रविवारी गेलो की मला समोर बसवून शिकवायचे. "तुम्हाला सांगतो, चिपला विचारलं की लगेच उत्तर मागायचं नाही. ती बिचारी हळू असते. विचारायचं आणि थांबायचं. घाई केलीत की कचरा हातात येतो." हे चालू असताना ताई पोह्यांची बशी घेऊन मागे उभ्या असायच्या. "अहो, लिंबू हवं का?" असं विचारायच्या, आणि उत्तर येत नाही म्हणून लिंबू ठेवून जायच्या.

उष्णता बरोबर दिसायला लागली, विजेचा दाब दिसायला लागला. पंख्याचा वेग मात्र शून्य. डोळ्यांसमोर पंखा गरगर फिरतोय, त्याचा वारा तोंडावर येतोय, आणि पडद्यावर शून्य. मी अडाण्यासारखं म्हणालो, "अहो, फिरतोय की!" साडूंनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "फिरतोय असं आपल्याला दिसतंय." कारखान्यातल्या शिस्तीप्रमाणे त्यांनी ड्रायव्हरला अलार्म जोडला होता: पंखा थांबला की यंत्र जळू नये म्हणून सगळं आपोआप बंद. आता पंखा कायमचाच शून्य, म्हणजे ड्रायव्हरने मधूनच केव्हाही तपासलं की यंत्र बंद पडणार. अलार्म काढून टाका म्हटलं तर कानांवर हात ठेवायचे. "अलार्म बंद करून काम चालवणं हे आमच्याकडे पाप आहे." पाप टाळण्यासाठी ते ड्रायव्हर पुन्हा पुन्हा लिहीत राहिले, आणि ताई अर्धवट गेलेल्या पत्रिका पुन्हा पुन्हा टाईप करत राहिल्या.

लगीनसराई तोंडावर आली. गावातल्या एका आगरी पाटलांच्या मुलाची पत्रिका ताईंकडे होती, आणि आगरी पत्रिका म्हणजे नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात एवढी भावकी. पाटील स्वतः येऊन बजावून गेले होते, "वैनी, एक जरी नाव रायला ना, तं भावकी मांडवान येनार नाय." ताईंनी दुपारभर बसून सगळे काके, आत्या, मामे बसवले, आणि शेवटच्या ओळीला पडदा काळा झाला. साडू आतून आनंदाने ओरडले, "बघ, अलार्म काम करतोय!" ताई उठल्या. नावांचा कागद पर्समध्ये घातला, छापखान्यात जाऊन तिथल्या यंत्रावर पत्रिका पुन्हा टाईप करून दिली, आणि तिथूनच वर्तकनगरला माहेरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडूंनी मला बोलावून घेतलं. घरात दूध उतू गेलेलं, दाढी वाढलेली. "ती काही बोलली नाही हो," ते म्हणाले. "माणसाने काही तरी सूचना द्यायला नको?" आणि मन रमवायला म्हणून, दुसरं काय, त्यांनी कॉम्प्युटर उघडला. मी बॅटरी धरली होती. त्यांनी पहिल्यांदाच तो पंखा सोडवून हातात घेतला, आणि उलटासुलटा करून पाहिला. पंख्याला दोन वायरी होत्या, एक लाल, एक काळी. बोर्डावरच्या खाचेत मात्र तीन टोकं होती.

"तिसरी वायर वेग सांगते," ते म्हणाले. "याला ती नाहीच. दुकानदाराने साधा पंखा बसवला."

"म्हणजे तुमचा ड्रायव्हर बरोबर होता?"

मला वाटलं होतं, आता पेढे आणतील. ते पंख्याकडे बघत राहिले. "पंखा बरोबर होता," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून फिरत होता. सांगायला वायर नव्हती त्याला." मग उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, वर्तकनगरला."

ताई सासऱ्यांच्या गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, आता हे दोन आणि तीन वायरींवर व्याख्यान देणार, आणि ताई कायमच्या इथेच राहणार. साडू समोर उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, दमलीस का?" ताईंनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. मेथीच्या काड्या बाजूला करत राहिल्या. ज्या माणसाला दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत धीर नसायचा, तो तसाच उभा होता. मी मधे काही बोलणार, तर त्यांनी हाताने मला गप्प केलं. "हो," ताई शेवटी म्हणाल्या. "खूप." साडू खाली बसले आणि मेथी निवडायला लागले. अतिशय वाईट निवडली.

संध्याकाळी ताई घरी गेल्या. तीन वायरींचा पंखा आला, शून्य गेलं, आणि तो आकडा बघायला साडूंनी अख्खी सोसायटी बोलावली. त्यात मीही होतो, म्हणजे जावं लागलं. पण त्यानंतर रोज संध्याकाळी ते ताईंना तो प्रश्न विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत हातातलं काम सोडून थांबायचे. ताई कधी "नाही" म्हणायच्या, कधी नुसत्या हसायच्या. मला त्या माणसाची आयुष्यभर थट्टा करायला आवडली, पण त्या वेळी हेवा वाटायचा.

आता हे सगळं मोजण्याची सोय कॉम्प्युटरमध्ये आयतीच असते. ताई गेल्या वर्षी गेल्या. परवा साडू आमच्याकडे आले होते. चहा पुढे केला, तर त्यांनी कपाला बोट लावलं नाही. माझी बायको त्यांच्याजवळ बसली आणि तिने विचारलं, "भावोजी, दमलात का?"

ते काही बोलले नाहीत. आम्ही थांबलो.