किती उतरलं, कशानं उतरलं

सोजराबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणायची. लग्न होऊन मी डोंगरकड्याला आले तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या, तीन लेकरांची आई, अंगानं चांगल्या भरलेल्या. सगळं घर त्यांच्या भरलेपणाचं कौतुक करायचं. आमचे भाये, म्हणजे अक्कांचे मालक अमृतराव, पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात आली तवा काडी होती काडी." म्हणजे आमच्या घरचं अन्न अंगी लागलं, असा त्याचा अर्थ.

पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. इतरांसारख्या आम्ही दोघी जावाही रोडच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना मुकादमानं अक्कांकडं खालून वर पाहिलं. "तुमाला काय गरज पडली बाई? घरात पेव भरेल दिसतंय तुमच्या."

रांगेतल्या बाया हसल्या. आमच्या घरात धान्याचं पेव नव्हतं. सरकारी दुकानातली लाल मिलो ज्वारी दळून आणायची आणि तिच्या भाकरी सगळ्यांनी सारख्या वाटून खायच्या. सहा महिन्यांत माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. अक्का मात्र होत्या तशाच.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "द्वारका, तू अन मी एकाच टोपल्यातली भाकर खातो ना?"

"व्हय अक्का."

"मंग तुझी हाडं दिसून राहिली, माझी काहून दिसत न्हाईत?"

मी हिंगोलीला सातवीपर्यंत शिकलेली. त्यामुळे मला सगळं ठाऊक असतं असं त्यांना वाटे. मला ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी वेगळाच अर्थ घेतला असावा. कारण त्या दिवसापासून त्या माझ्यासमोर दुसरी भाकर घेईनाशा झाल्या.

दुष्काळ सरला, पण अक्कांना दम लागायला लागला. हळूहळू गुडघे धरले. पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात मी त्यांना कळमनुरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, नांदेडकडचे. त्यांनी अक्कांना वजनकाट्यावर उभं केलं. शहाऐंशी किलो.

"वजन कमी करा," डॉक्टर म्हणाले. "जेवण अर्धं करा. रोज दोन-तीन मैल चाला. गुडघ्यांवर दुसरं औषध नाही."

"अर्धं म्हंजी कशाच्या अर्धं, सायेब?"

"आता जेवढं खाता त्याच्या."

"कामाच्या दिवशी जेवढं खाते त्याच्या, का घरी असते तवाच्या?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करते आहे. अक्का गंमत करत नव्हत्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला आणखी दहा प्रश्न विचारले. ताक जेवणात धरायचं का? भात हलका की भाकर हलकी? चालायचं ते उपाशीपोटी का जेवून? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, चालायचं म्हणजे जायचं कुठं?

आज हे ऐकून नवल वाटेल, पण तेव्हा खरंच अडचण होती. आमच्याकडं बाई चालायची ती कुठं तरी जाण्यासाठी. पाण्याला, रानात, बाजाराला, माहेरी. नुसतंच चालून परत यायचं, हे कुणाच्या डोक्यात बसणार?

पहिल्या दिवशी अक्का सकाळी रिकाम्या हातानं कळमनुरीच्या रस्त्यानं निघाल्या. वाटेत जो भेटला त्यानं विचारलं, "कुठं चालल्या?" त्यांनी खरं ते सांगितलं, "कुठं न्हाई." व्हायचं तेच झालं. त्या परत यायच्या आधीच अमृतरावांच्या कानावर गेलं की तुमची मालकीण भांडून माहेरी निघाली. त्यांनी बैलगाडी जुंपली आणि मैलभरावर अक्कांना गाठलं.

"काय झालं? कोन काय बोललं तुला?"

"कोनीच काय बोललं न्हाई. दाक्तरनं चालाय सांगितलंय."

"गाडी असता चालती? लोक मला काय म्हनतील?"

त्यांना गाडीत बसवून घरी आणलं. पुढं दोन दिवस अमृतराव घुश्शात होते. बायकोनं अर्ध्या भाकरीवर ताट सरकवलं की त्यांना वाटे, आपल्याच कसल्या तरी चुकीचा राग ताटावर निघतोय.

तोड मीच काढली. आमचं रान गावापासून दीड मैलावर. गड्यांची न्याहारी रोज सालगडी येऊन घेऊन जाई. मी म्हटलं, टोपलं तुम्हीच डोक्यावर घेऊन जा. टोपल्याचा फायदा असा झाला की कुणी काही विचारेना. जाऊन-येऊन तीन मैल पडत. पहिले पंधरा दिवस त्या बांधावर बसून गुडघे चोळायच्या. मग बसायचं थांबलं. मग एकदा मी सोबत असताना ध्यानात आलं की त्या पुढं आणि मी मागं आहे.

शहात्तरच्या उन्हाळ्यात भावकीतल्या एका लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही हिंगोलीला गेलो. रेल्वे ठेसनावर नाणं टाकून वजन करायचं यंत्र होतं. अक्का वर चढल्या. लाल-पिवळे दिवे फिरले आणि खाली पुठ्ठ्याचं तिकीट पडलं. एका बाजूला वजन, एका बाजूला हिंदीत भविष्य. मी वाचलं, "पंच्याहत्तर."

"मागल्यापरीस कमी का जास्त?"

"अक्का, अकरा किलो कमी!"

त्यांचा विश्वास बसेना. "यंत्राला कसं कळंल? चप्पल काढून चढू का?" चप्पल काढून पुन्हा चढल्या. तेवढंच. मग मागच्या बाजूला काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचलं की तुम्ही उदार आहात, मित्रांपासून सावध राहा. अक्का घाबऱ्या झाल्या. "हे वजन कमी झालं म्हनून का?" त्यांना समजावता समजावता आमची बस चुकली.

त्या लग्नात अक्कांना पाहून बायांचे दोन तट पडले. एक तट विचारी, "काय खाता हो? आमाला बी सांगा." दुसरा तट माझ्याकडं पाहून कुजबुजे, "जावेच्या राज्यात उपाशी मरून राहिली." अक्कांची आई भिकाबाई आली होती. तिनं लेकीच्या गालांवरून हात फिरवला आणि मांडवातच रडायला लागली. "सोजरे, काय झालं ग तुला? छातीचा रोग तर न्हाई?"

"माय, दाक्तरनंच सांगितलंय."

"कोन्ता दाक्तर सांगल उपाशी राह्य म्हनून?"

रात्री आईच्या समाधानासाठी अक्कांनी चार लाडू खाल्ले, आणि सकाळी डॉक्टरांच्या भीतीनं दिवसभर काही खाल्लं नाही. मला म्हणाल्या, "थांबायचं कुठं ते दाक्तरनं सांगितलंच न्हाई. इचारायचं राहिलं."

पावसाळा लागला. काळ्या रानात पाय गुडघाभर रुतायचे, त्यामुळे टोपलं पुन्हा गड्याकडं गेलं. अक्कांचं चालणं बंद झालं. भूक मात्र वाढली. अर्ध्या भाकरीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. मला वाटलं, आता वजन परत चढणार. चढलं नाही. उलट पोळ्याला चोळी ढिली झाली, दसऱ्याला तीच चोळी दोन्ही बाजूंनी टाचावी लागली.

अक्का खुश. "द्वारका, आता आपसूकच उतरून राहिलं बघ. चालाय बी नको, उपास बी नको."

मीही खुश झाले. ही गोष्ट सांगताना अजून मला अवघड वाटतं. रांजण दिवसातून दोनदा भरावा लागतोय हे मी पाहत होते. मोरीत मुंग्या लागताहेत हेही पाहत होते आणि गुळाचा हात कुणी तिथं धुतला म्हणून पोरांवर ओरडत होते. अक्का दुपारी धुणं अर्धं टाकून आडव्या व्हायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "अंग हलकं झालं की असंच होत असंल." आणि मी मान डोलवायची. हलकं होणं म्हणजे कसं होणं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

कापूस फुटला तशी त्यांनी पुन्हा टोपलं उचललं. रानाची वाट बौद्ध वस्तीवरून जाते. वस्तीच्या तोंडाशीच सुमनबाईंचं घर. सुमनबाई आमच्या गावच्या सरकारी नर्स, औरंगाबादेत शिकलेल्या. गावातली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्या आमच्या घरी बाळंतपणाला येत, पण चहाची कपबशी त्यांच्यासाठी वेगळी असे, आणि आमच्या घरच्या कुणी त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवलेला नव्हता. मी पण नाही. आम्ही ते असंच असतं म्हणून चालवून घेत होतो.

त्या दिवशी मी अक्कांबरोबर होते. परतीच्या वाटेवर, ऊन डोक्यावर आलेलं. सुमनबाई दारात तांदूळ निवडत होत्या. अक्का थबकल्या, डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सुमनबाई, पानी द्या."

सुमनबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग तांब्या भरून आणला. अक्कांनी उभ्यानंच तो संपवला आणि पुढं केला. दुसरा आणला. तोही गेला. अक्का तिथंच ओट्यावर बसल्या. "अजून हाय का?"

तिसरा तांब्या देताना सुमनबाईंनी त्यांचा हात धरला. नाडी पाहिली, जीभ पाहिली. "किती दिवस झाले अशी तहान लागते?"

"पावसाळ्यापसून. उन्हानं लागती."

"पावसाळ्यात ऊन कुठं होतं, अक्का? लघवीला सारखं जावं लागतं?"

अक्का लाजल्या. मी म्हटलं, "व्हय. अन मोरीत मुंग्या येतात."

सुमनबाई घरात गेल्या आणि एक काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन आल्या. अक्कांना मागच्या अंगणात पाठवून लघवी आणायला लावली. निळ्या औषधात तिचे थोडे थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आम्ही दोघी बघत होतो. निळं होतं ते हिरवं झालं, मग पिवळं, आणि शेवटी विटेच्या भुग्यासारखं लाल.

"साखरेचा आजार आहे," सुमनबाई म्हणाल्या. "उद्याच कळमनुरीला जायचं. मी येते सोबत."

अक्का त्या नळीकडं पाहत राहिल्या. "साखर? आमी तर गूळ खातो."

गावात मात्र आजाराची चर्चा एक दिवस टिकली आणि पाण्याची महिनाभर. त्याच संध्याकाळी अमराईच्या पारावर अमृतरावांना लोकांनी विचारलं, तुमच्या घरच्यांनी वस्तीत पाणी पिलं म्हणं, खरं का? ते घरी येऊन अक्कांवर तापले. अक्कांनी कधी नव्हे ते तोंड वर करून सांगितलं, "तहान लागली व्हती. पेले. तुमी पारावर जाऊन सांगा, तिनंच वळखलं म्हनून."

ते पारावर जाऊन काय बोलले ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कळमनुरीला जाताना त्यांनी सुमनबाईंना गाडीत पुढं बसायला सांगितलं.

डॉक्टरांनी वजन केलं. त्रेसष्ट. रक्त तपासायला पाठवलं, गोळ्या लिहून दिल्या. "पथ्य पाळा. गोड बंद. वजन आणखी उतरता कामा नये. दोन-चार किलो वाढलं तरी चालेल."

अक्का खुर्चीवरच थोड्या पुढं सरकल्या. "सायेब, मागल्या साली तुमीच म्हनले कमी करा."

"हो. ते बरोबरच होतं."

"मंग मी कमी केलं. ते मी केलं का ह्या रोगानं केलं?"

"काही चालण्यानं, काही रोगानं."

"किती किती?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ह्या वेळी ते हसले नाहीत. "ते नाही सांगता यायचं, बाई."

बाहेर येऊन अक्का लिंबाखाली बसल्या. मला वाटलं, आजाराची धास्ती घेतली. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. "द्वारका, ते अकरा किलो तर माझे व्हते ना? ठेसनावरले?"

"तुमचेच होते, अक्का."

"तुला काय ठाऊक? तवाच लागला असंल रोग. मी हिकडं फुगून राहिले की म्या केलं, म्या केलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुष्काळात मुकादमाच्या टोमण्यावर बाया हसल्या तेव्हा त्या रडल्या नव्हत्या.

पुढं गोळ्यांनी तहान आटोक्यात आली. अमृतराव एकदा दुकानातून भुईमुगाच्या शेंगा आणायचे, कारण वजन वाढवायचं. एकदा त्याच शेंगा लपवून ठेवायचे, कारण वजन वाढायला नको. सुमनबाईंनी कागदावर लिहून दिलं, सकाळी काय, दुपारी काय. तो कागद मी भिंतीला चिकटवला. अक्कांना वाचता येत नव्हतं, म्हणून रोज जेवताना मीच मोठ्यानं वाचायची आणि त्या रोज एका तरी ओळीवर हरकत घ्यायच्या. एक गुडघा दुखायचा थांबला, दुसरा तसाच राहिला. का, ते कुणी सांगू शकलं नाही.

एकोणऐंशी साली सुमनबाईंची बदली जवळा बाजार ह्या गावी झाली. दिवाळीनंतर अक्का मला घेऊन त्यांना भेटायला गेल्या. सुमनबाईंनी आम्हाला जेवू घातलं, एकाच पंगतीत बसून. मग काट्यावर उभं केलं.

"सदुसष्ट," त्या म्हणाल्या. "छान."

"हे बराबर हाय का?"

"आज तरी बरोबर आहे."

"अन उद्या?"

"उद्याचं उद्या तपासू. तुम्ही चालणं सोडू नका म्हणजे झालं."

बसमध्ये अक्का खिडकीशी बसून कुरकुरत होत्या. शहाऐंशीला जास्त म्हणतात, त्रेसष्टला कमी म्हणतात, सदुसष्टला बरोबर म्हणतात, पण ते बरोबर कुणी ठरवलं ते मात्र कुणी सांगत नाही. मी हं हं करत होते. गावच्या अलीकडच्या फाट्यावर बस थांबली तशा त्या एकदम उठल्या आणि खाली उतरल्या.

"अक्का, आपलं गाव अजून लांब हाय!"

"ठाऊक हाय. तू ये नाहीतर बसून जा."

मी पिशव्या घेऊन उतरले. कंडक्टरनं बेल मारली. अक्का पदर खोचून कडेच्या मुरुमावरून निघाल्याही होत्या, रिकाम्या हातानं. समोरून येणाऱ्या एका सायकलवाल्यानं विचारलं, "कुठं चालल्या, काकू?"

"चालून राहिले," अक्का म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत.