न बोलता चहा

शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात साहेबांच्या डोक्यात आलं की अधिकाऱ्यांचा व्यक्तिमत्त्व विकास झाला पाहिजे. म्हणून पुण्याहून एक बाई आल्या आणि आम्हाला जपानी पद्धतीनं चहा करायला शिकवू लागल्या. तेही शनिवारी, सुट्टी मोडून. माझं टाळकं आधीच गरम. त्यात वज्रासनात बसायचं, हिरव्या चहाच्या भुकटीवर गरम पाणी ओतायचं, बांबूच्या छोट्या रवीनं घुसळायचं, वाडगा फिरवून पाहुण्यापुढं ठेवायचा, आणि हे सगळं तोंडातून अवाक्षर न काढता. कोल्हापुरात! इथं माणसाला चहा पाजायचा म्हणजे आधी रस्त्याच्या पलीकडनं हाक मारावी लागते. आमच्या अकाउंट्सवाल्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "साखर ऱ्हायली की वो बाई." बाईंनी डोळे मिटून घेतले.

जाताना त्यांनी सगळं सामान हातात देऊन घरचा अभ्यास दिला. घरातल्या कुणालातरी पाहुणा करून असाच चहा द्यायचा. बायको म्हणाली, "मला कामं हाईत." राहता राहिले वडील.

वडिलांना अलीकडं ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी कपाटात ठेवलं. आम्ही ओरडायचो, ते "आँ?" करायचे, आम्ही पुन्हा ओरडायचो आणि शेवटी "काय न्हाई, जाऊ दे" म्हणून सोडून द्यायचो. मग त्यांनी बाहेरच्या खोलीत येणंच बंद केलं. जेवण आत, चहा आत. सगळ्या गल्लीला हाका मारून बसवून घेणारा माणूस हा. मला ते बघवत नव्हतं. त्यांना परत माणसांत कसं आणावं, काही सुचत नव्हतं. आता त्या दिवशी मी काही उपाय शोधला होता असं मुळीच नाही. मला पाहुणा पाहिजे होता, बस्स.

हाताला धरून त्यांना बाहेर आणलं, चटईवर बसवलं. समोर बसून पाणी ओतलं, घुसळायला लागलो. ते आधी रवीकडं बघत होते, मग माझ्या हातांकडं, मग एकटक माझ्या तोंडाकडं. ओठ हलत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं, तसे त्यांचे आवळलेले खांदे हळूहळू खाली आले. वाडगा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, पण तळापर्यंत प्यायले, आणि माझ्याकडं बघून हसले.

चहा संपला. माझ्या पायांना मुंग्या आलेल्या. भांडी गोळा करून मी उठायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बस की जरा," ते मोठ्यांदा म्हणाले, पार गल्लीत ऐकू जाईल इतक्या. "उठलास की परत बोलाय लागशील."